कंबर-गुडघ्याचे उपचार: हात, मशीन की व्यायाम? रुग्णाने कशाची अपेक्षा धरावी? (टोपणनावांनी चौघांची चर्चा)

पोफळबाग
भातलावणी आटोपली की दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत कंबर धरून माणसं येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "किती सिटिंगमध्ये मोकळं होईल?" माझं मत स्पष्ट आहे. दहा दिवस शेक आणि करंट घेऊन घरी जाणं हा उपचार नव्हे. टेन्स किंवा आयएफटीने (त्वचेवरून सौम्य करंट देणारी मशीनं) कळ काही तास बोथट होते, स्नायूत ताकद येत नाही. साधी कंबरदुखी बहुतेकांची ६ आठवड्यांत पुष्कळ उतरते, मशीन लावा वा न लावा. ताकद यायला ६ ते १२ आठवडे नेमाने व्यायाम लागतो.
पहिल्या भेटीत अर्धा-पाऊण तास तपासणीला गेलाच पाहिजे. पुढे-मागे वाकवून बघणं, झोपवून पाय सरळ उचलल्यावर कळ कुठवर उतरते, पायाचा अंगठा वर खेचायची ताकद, पायावर स्पर्श दोन्हीकडे सारखा कळतो का. यातलं काही न करता थेट मशीनखाली झोपवलं, तर तिथेच कारण विचारा.

खाडीकाठ
तपासणीचं शंभर टक्के पटलं. पण हाताच्या उपचाराला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. ज्याला कुशीवर वळता येत नाही त्याला व्यायामाचा कागद देऊन काय होणार? हाताने सांधा-स्नायू सैल केले की काही तास, कधी दोन-तीन दिवस हालचाल सोपी जाते. व्यायाम त्या वेळात सुरू करायचा.
ऑस्टिओपॅथी या हाताने सांधे-स्नायूंवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा भर यावरच आहे. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ती मांडली. तिथे ही पदवी घेतलेले आज पूर्ण डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी होते आणि ते मुख्यतः हातानेच काम करतात. त्यातली एक पद्धत अगदी सौम्य आहे: आखडलेला भाग अडेल तिथपर्यंत न्यायचा, रुग्णाने थेरपिस्टच्या हाताविरुद्ध ५ सेकंद हलका जोर लावायचा, सोडायचं, मग थोडं पुढे न्यायचं. असं ३ ते ५ वेळा. यात झटका नाही, आवाज नाही.

जांभा
खाडीकाठ, तुम्ही सांगता तसा हात क्वचित मिळतो. लोक जातात ते "कट्ट" आवाजासाठी. तो आवाज हाड बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. मणका "सरकलेला" नव्हता, म्हणून तो "बसत"ही नाही. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला झटका देणं धोक्याचं. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित होतं, पण झालं तर लकवा. मला असा झटका मान्यच नाही. आणि उपचार करणाऱ्याचा फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये.

खाडीकाठ
मानेच्या झटक्याची बाजू मी घेतलेली नाही, घेणारही नाही. पण सगळे हात एका मापाने मोजू नका. मधुमेह्यांचा खांदा आखडतो तेव्हा दुखऱ्या टप्प्यात जोराने ओढला तर चिघळतो, आणि दुखतो म्हणून हलवलाच नाही तर आणखी गोठतो. तिथे जाणत्या हाताचा उपयोग होतो. तरी १ ते ३ वर्षं लागू शकतात, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. पंधरा दिवसांत हात वर जाईल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं.

आडाळी
तुमच्या वादात वाडीवरची बाई राहून गेली. एसटीने दीड तास खड्ड्यांतून रोज यायचं, तर आलेला आराम परतीच्या वाटेवरच संपतो. पोफळबाग, "व्यायाम करा" एवढ्याने भागत नाही. प्रमाण सांगा.
गुडघा झिजलेला असेल तर: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती ५ सेकंद खाली दाबा, १० वेळा, दिवसातून ३ दा. झालं की गुंडाळी काढा. बरं वाटतं म्हणून रात्रभर तिथे उशी ठेवतात, मग गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो आणि चाल लंगडी पडते. पुढे खुर्चीत उशी ठेवून हात न टेकता उठबस, १० वेळा. जमलं की उशी काढा, मग बुटकं स्टूल घ्या. आडाळीवर (नारळ खवायच्या विळीवर) बसणं सगळ्यात शेवटी. तोवर नारळ उभ्याने, ओट्यावर खवायचा.
व्यायामाने थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत उतरलं नाही, तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. बहुतेकजण नेमकं इथेच सोडतात.

पोफळबाग
आडाळीताई, हे मी लिहायला हवं होतं. खाडीकाठ, हात आधी आणि व्यायाम त्याच भेटीत, एवढं मान्य. नुसता हात महिनाभर, हे नाही. ६ आठवड्यांनी "दुखतं का" एवढंच विचारू नका, कळशी उचलता येते का, जिना चढता येतो का, ते बघा. नसेल तर उपचार बदला.

जांभा
एका गोष्टीत मात्र थांबून चालत नाही. कंबरदुखीसोबत लघवी अडली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर मालीश नको, मशीन नको, उद्याची अपॉइंटमेंटही नको. रात्र असली तरी गाडी काढून मोठं रुग्णालय गाठा, तिथे एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया होते का हे निघतानाच फोनवर विचारा.