मदत हवी आहे : वडिलांच्या मुख्य खात्याचं यूपीआय बँकेतून बंद करता येतं का?

नमस्कार मंडळी. वडील सेलूला (जि. परभणी) असतात, मी पुण्यात. फेसबुकवरच्या जाहिरातीत बॅटरीचा फवारणी पंप निम्म्या भावात दिसला, त्यांनी यूपीआयने पैसे भरले, पंप आलाच नाही. १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार केली आहे, तक्रार क्रमांक मिळालाय. तो विषय इथे नको.

काळजी पुढची आहे. सोयाबीनचे पैसे त्याच खात्यात जमा होतात. आणि तोच पंप विकणारा माणूस आता ‘रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणून फोन करतोय. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे वडिलांना नीट समजावलंय, नंबरही ब्लॉक केलाय.

डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद केले. खरेदीसाठी दुसरं खातं उघडून त्यात थोडेच पैसे ठेवणार आहोत. पण दोन्ही खात्यांना मोबाइल नंबर एकच, त्यामुळे ॲपमधून मुख्य खातं काढलं तरी ते पुन्हा जोडता येतं. ऑनलाइन मागवूच नका, असं मी त्यांना सांगणार नाही. गावात न मिळणारी औषधं तशीच येतात.

मुख्य खात्याचं यूपीआय शाखेतून कुणी बंद करून घेतलंय का? अर्जात काय लिहिलं, आणि खात्याचे एसएमएस नंतर चालू राहिले का?