‘डॉल्बी’ या विषयावर पीएच.डी. करायची आहे, पण कोणत्या विभागात? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी कोल्हापूरचा, वय २८. समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, तबल्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत आणि गेली सहा वर्षे गणेशोत्सवाच्या हंगामात मामांच्या साउंड सर्व्हिसमध्ये मिक्सरवर बसतो. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि ध्वनिसंस्कृती या क्षेत्रात पीएच.डी. करून पुढे अध्यापन व संशोधन करावे, अशी इच्छा आहे. विषय ठरलेला आहे; तो कोणाच्या दारात न्यावा, हे मात्र कळत नाही.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे मिरवणुकीतल्या अजस्र ध्वनियंत्रणेला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात, मग त्या यंत्रणेचा डॉल्बी नावाच्या कंपनीशी काही संबंध असो वा नसो. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे नाव झाले ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. जुन्या कॅसेट डेकवर त्याची कळ असे आणि ती दाबली की गाण्यामागची ‘स्स’ मंदावत असे. गोंगाट कमी करणाऱ्या युक्तीचे नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या बेस-टॉपच्या (खालच्या आणि वरच्या स्वरांच्या स्पीकरांच्या) भिंतीला कसे चिकटले, यावर एक प्रकरण सहज लिहिता येईल. (चित्रपटगृहांच्या जाहिरातींमुळे चिकटले असावे, असा माझा तर्क आहे. मामांच्या मते ‘ऐकायला भारी वाटते म्हणून’, आणि हेही उत्तर अगदीच टाकाऊ नाही.)

या भिंतीतून जे वाजते, ते नुसते तयार चित्रपटगीत नसते. आमच्या भागातील मुले घरच्या लॅपटॉपवर हलगी आणि संबळ यांचे तुकडे कापून, त्यांची लय बांधून, खाली बेस भरून आणि मध्येच तालीम मंडळाचे नाव पुकारणारा आवाज घालून ट्रॅक तयार करतात. त्यातील कित्येकांनी संगीताचे शिक्षण घेतलेले नाही. परंतु राजारामपुरीच्या रुंद रस्त्यावर चालणारा बेस महाद्वार रोडच्या दाटीत घुमून गढूळ होतो, हे त्यांना कानाने ठाऊक असते. याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे?

भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी मी जे वाचले, ते बहुतेक दोन ठिकाणांभोवती फिरते. एक म्हणजे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील स्टुडिओ, जिथे १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर (विजेवर स्वर निर्माण करणारे यंत्र) बसवून दिला आणि गीता साराभाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर काम केले. दुसरे म्हणजे मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग, ज्यांनी १९८२ साली रोलँड या जपानी कंपनीच्या सिंथेसायझर व ताल-यंत्रांवर राग बसवले आणि ज्यांची खरी दखल २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर जगाने घेतली. या दोन्ही कथा मला प्रिय आहेत, पण कोल्हापुरात पापाच्या तिकटीवर जनरेटरच्या धुरात उभा असलेला ऑपरेटर त्यांच्यात कुठेच नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील अभ्यासक ज्युलियन हेन्रिक्स यांनी जमैकातील रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमचा अभ्यास केला आहे आणि आवाज अंगावर येऊन शरीराचा ताबा घेतो तेव्हा काय घडते, याची नीट मांडणी केली आहे. ते वाचल्यावरच आपला विषय हा संशोधनाचा विषय ठरू शकतो, असा धीर मला आला.

आता अडचण. जिल्ह्याबाहेरील एका विद्यापीठात मी हा प्रस्ताव घेऊन गेलो होतो. संगीताच्या प्राध्यापकांनी ‘यात राग कुठे आहे, ताल कुठे आहे’ असे विचारले. थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कर्मभूमीतला मुलगा हे घेऊन आला, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले असावे, आणि त्यांचा तो सूर मी समजू शकतो. समाजशास्त्रात ‘गणेशोत्सवावर करा, डॉल्बी हा त्यातला एक मुद्दा ठेवा’ असे सुचवण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी हा ध्वनिप्रदूषणाचा प्रश्न असल्याने पर्यावरणशास्त्राकडे न्यावा, असा सल्ला मिळाला.

या तिसऱ्या सल्ल्यावर मी बराच विचार केला, कारण प्रदूषणाचा मुद्दा मी टाळू इच्छित नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि आमची यंत्रणा ती सुरू होताक्षणीच ओलांडते. परंतु ही मोजणी ‘ए’ भारित मापनाने होते, म्हणजे मंद आवाजात माणसाचा कान खालच्या स्वरांना जितका कमी दाद देतो, तितके वजन मीटर कमी करतो. ५० हर्ट्झच्या बेसला हा मीटर सुमारे ३० डेसिबल कमी दाखवतो. खिडकीचे तावदान थरथरते, छातीत धडधडते आणि आजारी माणसाची झोप उडते ती मुख्यतः याच बेसने, आणि अधिकृत आकड्यात मात्र तोच सर्वांत कमी उतरतो. नाचणाऱ्याचे सुख आणि माडीवरच्या आजीचा त्रास ही दोन्ही एकाच स्वरपट्टीत आहेत, आणि मापनाची पद्धत त्या पट्टीकडे जवळजवळ पाठ फिरवून उभी आहे. कोणते ऐकणे पुरावा ठरते आणि कोणते ठरत नाही, हा माझा मूळ प्रश्न आहे. तो केवळ पर्यावरणशास्त्रात मावत नाही आणि केवळ संगीतातही मावत नाही.

म्हणून जाणकारांना पुढील गोष्टी विचारायच्या आहेत. माझे पदव्युत्तर शिक्षण समाजशास्त्राचे असल्यामुळे नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) त्याच विषयातून द्यावी लागेल. तसे केल्यास पीएच.डी.साठी संगीत, माध्यम किंवा कला-अभ्यास विभागात प्रवेश मिळाल्याची उदाहरणे आपल्या पाहण्यात आहेत का, आणि पुढे सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत विषय जुळत नाही म्हणून अर्ज बाजूला पडतो का? जेआरएफची (नेटमधून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीची) वयोमर्यादा ३० वर्षांची असल्याने माझ्याकडे वेळ थोडा आहे, आणि दरमहा ३७,००० रुपयांच्या त्या आधाराशिवाय हे काम घरच्यांच्या गळी उतरवणे कठीण आहे. परदेशात अर्ज करायचा झाल्यास मराठीतील मुलाखती आणि स्वतः केलेली ध्वनिमुद्रणे नमुना म्हणून चालतात का, हेही कळावे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्यांच्याशी मी बोलणार, ते माझे नातेवाईक आणि मामांचे धंद्यातील स्पर्धक आहेत. मिरवणुकीनंतर त्यांच्यातील काहींवर गुन्हे दाखल होतात आणि साहित्य जप्त होते. माझ्या वहीतील नोंद किंवा रेकॉर्डरमधील आवाज उद्या त्यांच्याविरुद्ध वापरला जाऊ नये, यासाठी नावे बदलण्यापलीकडे संशोधक काय करतात? शिवाय घरातला माणूस म्हणून माझा कल त्यांच्याकडे झुकणार, हे मला दिसते. त्यावर उतारा म्हणून मिरवणुकीचा आवाज सोसणाऱ्या गंगावेशीतील रहिवाशांच्या मुलाखतीही तितक्याच घ्याव्यात असे ठरवले आहे, पण एवढे पुरेसे आहे का?

आणि कानांविषयी. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटांची मानतात, आणि आमची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मला आताच रात्री उजव्या कानात बारीक शीळ ऐकू येते. क्षेत्रकार्यात कानात बोळे घालून ऐकलेले ग्राह्य धरावे की नाही, असा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण ज्यांनी अशा ठिकाणी काम केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

मंडळांच्या सुपाऱ्या आषाढातच ठरू लागतात. यंदा मी मिक्सरवर बसणार की वही घेऊन ट्रॉलीच्या मागे चालणार, हे मामांना त्याआधी सांगायचे आहे.