मदत हवी आहे: भावाला कॅडासिल निघालाय, मग मी बाई म्हणून सुटले का?

कोल्हापुरातून लिहितेय, वय 41. तीन महिन्यांपूर्वी दादा (46) रंकाळ्यावर फिरत असताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल मागं राहिली. ह्याला पत्ताच नाही! भेळवाल्यानं हाक मारून आणून दिली. संध्याकाळी जीभ जड झाली. एमआरआय झाला, मग रक्ताची तपासणी. नॉच3 जीनमध्ये बदल आहे, आजाराचं नाव कॅडासिल. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा, पिढीजात.

आबा 58 व्या वर्षी अंथरुणातच गेले, धाकटे काकाही तसेच. खापर तंबाखूवर फुटलं. आता घरात नवा सूर, "आमच्यात हे गड्यांनाच लागतं, पोरींना न्हाई." आई अंबाबाईला ओटी भरून मोकळी झाली.

पण मला एकोणिसाव्या वर्षापासून अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ येते आणि पसरत जाते. परवा तव्यावरच्या भाकरीची अर्धी बाजूच दिसेना. नंतर बोटांना मुंग्या. आजवर पित्त, चष्म्याचा नंबर, टेन्शन, एवढंच ऐकलं. पाळीच्या त्रासासाठी गोळ्याही चालू आहेत.

आजार खरंच फक्त पुरुषांना होतो का? मुलगी 15 ची आहे, तिचं रक्त तपासून घेऊ का?

प्रतिसाद 1

ताई, घरच्यांचं गणित चुकतंय. हा जीन 19 व्या गुणसूत्रावर आहे. मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी त्याचा संबंध नाही. आबांना असेल तर त्यांच्या प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता निम्मी, मग तो दादा असो की तुम्ही.

फरक पडतो तो आजार कसा दिसतो यात. साधारण पन्नाशीच्या आत बायकांमध्ये अशी रेघा-मुंग्यांची अर्धशिशी जास्त, पुरुषांमध्ये पक्षाघात जास्त. पन्नाशीनंतर हे अंतर बरंच मिटतं. 2004 साली 411 रुग्णांचा अभ्यास आला होता, त्यात मृत्यूचं मध्यक वय पुरुषांचं 64.6 आणि बायकांचं 70.7 होतं. म्हणजे बायकांना उशिरा गाठतो, सोडत नाही. तुमच्या वर्णनावरून निदान होत नाही बरं का, अशी अर्धशिशी हा आजार नसलेल्यांनाही असते.

दादाचा जीन रिपोर्ट घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. त्यात नेमका बदल लिहिलेला असतो, तुमच्या रक्तात तेवढाच शोधायचा. गोळ्यांची पाकिटंही न्या. त्यांत इस्ट्रोजेन हे हार्मोन असेल तर अशा अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळं तो विषय याच आठवड्यात काढा. बीपी मोजा. मिश्री लावत असाल तर तीही तंबाखूच, रागावू नका.

मुलीचं आत्ता नको. मुळावर औषध नाही, आणि जाणून घ्यायचं की नाही हे तिनं अठरानंतर स्वतः ठरवावं. तुमच्या तपासणीआधीही जनुकीय समुपदेशकाशी बोला.

धागाकर्ती

मिश्रीचं कसं ओळखलंत? आज डबी चुलीत टाकली. न्यूरोची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीय, दादाही येतोय.

वाचताना आत्या आठवली, आबांची थोरली बहीण. महिन्यातून दोनदा माजघरात अंधार करून पडायची आणि "डोळ्यापुढं काजवं आल्यात" म्हणायची. लोक म्हणायचे अंगात येतं. तिची तिन्ही पोरं इचलकरंजीत आहेत. आता त्यांना फोन लावते.