शाम्पू करणे : क्रियापद की बाटली?

— "आज शाम्पू केला" हे बरोबर आहे का हो? शाम्पू तर बाटलीतली वस्तू, मग "शाम्पू लावला" म्हणायला हवं ना? घरी कालपासून यावरून वाद चाललाय.

— बरोबरच आहे ताई. इंग्रजीत शाम्पू आधी क्रियापद म्हणूनच आलं, बाटली कितीतरी नंतरची. आणि आलं ते आपल्याच इकडून, हिंदीत चांपना म्हणजे दाबणं, रगडणं, त्याचं आज्ञार्थी रूप चांपो, त्याचंच इंग्रजीत शाम्पू झालं. १७६२ पासून ते लिखाणात सापडतं आणि तिथे अर्थ आहे अंग रगडून देणं, केसांचा काही संबंधच नाही. पुढे पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटनला वाफेची न्हाणीघरं काढली, तिथे सांधे धरलेली माणसं मालिश करून घ्यायला यायची, आणि चौथा जॉर्ज, चौथा विल्यम या दोन राजांचे ते नेमलेले शाम्पूइंग सर्जन होते! केस धुणं हा अर्थ १८६०च्या सुमारास आला, मग धुवायच्या वस्तूलाही तेच नाव पडलं.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की हा शब्द आपल्या बडोद्यात मराठी आणि गुजराती अशा दोन्ही बाजूंनी घरचा आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजी रात्री कोमट तेलाची वाटी घेऊन बसायची, "जरा पोटऱ्या चेप गं, वरून खाली नको, खालून वर" असं सांगायची, आणि शेजारच्या गुजराती बा त्यालाच पग चांपवा म्हणायच्या. आपलं चेपणं, चापणं आणि गुजरातीतलं चांपवुं ही सगळी एकाच कुळातली. साडी चापूनचोपून नेसतो तेच हे चापणं.

— मी तर ऐकलं होतं चंपा फुलाच्या तेलावरून आलाय, चंपी पण त्यावरूनच?

— नाही हो, फूल वेगळं. तेलावरून आला असता तर पहिला अर्थ तेलाचा किंवा केसांचा असता ना, पण तो नुसता दाबण्याचा आहे. चंपी म्हणजेसुद्धा डोकं दाबून देणं, मग तेल असो नसो.

— अरे हां! म्हणूनच गुजरातीत दिव्याच्या बटणाला चांप म्हणतात, दाबायची म्हणून. आमच्या घरी मराठीत बोलतानाही "चांप बंद कर"च म्हणतात, मला वाटायचं आमचंच काहीतरी चुकतंय.