मदत हवी आहे : घरच्या कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर कोणता घ्यावा? (बजेट ३५ हजार)

नमस्कार मंडळी,

मी कराडला राहते. चार-पाच दुकानांची टॅली आणि जीएसटीची कामं घरून करते. आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. सकाळी बटण दाबून चहा टाकायचा, चहा गाळून झाला की टॅली उघडलेली असते. तरी ओढत नेला असता, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि हा डबा विंडोज ११ घेत नाही. लोकांचे हिशेब आणि पासवर्ड त्यात आहेत, त्यामुळे धाकधूक वाटते.

वापर असा : दिवसभर मी, म्हणजे टॅली, एक्सेल आणि ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब. संध्याकाळी अकरावीतला मुलगा. लेक्चर्स, थोडं पायथॉन आणि (हेच मुख्य) व्हॅलोरंट हा गेम. मॉनिटर जुनाच ठेवायचाय. त्याला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीची केबल) आहे.

दोन कोटेशन मिळाली :

पहिलं : आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, नवा मदरबोर्ड, एक वर्ष वॉरंटी. १६,५०० रुपये.

दुसरं : आय-३ १२१००एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, २५६ एसएसडी, जीटी ७१० ग्राफिक कार्ड, कॅबिनेट एसएमपीएससकट (वीजपुरवठ्याचा डबा). ३३,८०० रुपये.

आय-५ स्वस्त आणि आय-३ दुप्पट महाग, हे कसं? कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळतं, पण कुठे ते कळत नाही. मुलगा तर तिसरंच म्हणतो, रायझन (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) घे.

प्रतिसाद १

ताई, पहिल्या कोटेशनमध्ये आय-५ च्या पुढचा आकडा लिहिलेला नाही ना? तिथेच पाणी मुरतंय. तो बहुतेक आय-५ ३४७० किंवा त्याच्या आगेमागेचा असेल. ३४७० हा २०१२ चा. ऑफिसांतून निघालेले जुने प्रोसेसर काढायचे, नव्याने बनवलेल्या एच६१ बोर्डावर बसवायचे, डीडीआर३ रॅम लावायची आणि चकचकीत कॅबिनेटमध्ये घालून 'आय-५' म्हणून विकायचं, हा धंदा सगळीकडे चालतो. बोर्ड नवा असतो, त्यामुळे दुकानदार खोटंही बोलत नाही!

म्हणजे तुमचा आत्ताचा चौथ्या पिढीचा, आणि पैसे देऊन तुम्ही तिसऱ्या पिढीचा घेणार. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. हे लोक जुगाड करून ते बसवून देतात, पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (जुन्या बोर्डांत सहसा नसलेल्या सुरक्षेच्या सोयी) मागतं. चिरंजीव पहिल्याच संध्याकाळी तोंड पाडून बसतील.

इंटेलच्या या आय-३, आय-५ मध्ये शेवटचे तीन आकडे सोडून पुढे उरतं ती पिढी. ३४७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. बाराव्या पिढीचा आय-३ त्या आय-५ ला कुठल्या कुठे मागे टाकतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पण दुसरं कोटेशनही धड नाही. १२१०० च्या शेवटी जो 'एफ' आहे त्याचा अर्थ प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) बंद. म्हणून त्यांना कार्ड लावावं लागतंय. जीटी ७१० हे इतकं जुनं आणि किरकोळ कार्ड आहे की साध्या १२१०० मध्ये फुकट येणारं यूएचडी ७३० त्याहून बरं. एफ नसलेला घ्या, कार्ड काढून टाका, वाचलेल्या पैशात रॅम वाढवा.

मुलाचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. रायझन ५ ५६००जी बघा : सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आतलं व्हेगा ग्राफिक्स इंटेलपेक्षा चांगलं. गेमसाठी हाच. फक्त 'जी' विसरू नका, नुसत्या ५६०० ला ग्राफिक्सच नाही. कार्डाशिवाय काळा पडदा दिसेल.

प्रतिसाद ३

एएम४ (५६००जी बोर्डावर ज्यात बसतो तो सॉकेट) आता कशाला? तो सॉकेट संपला. त्यापुढच्या एएम५ वर रायझन ८५००जी घ्या, पुढे प्रोसेसर बदलता येईल.

प्रतिसाद २

एएम५ ला डीडीआर५ रॅमशिवाय चालत नाही आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी कसे चढले ते पाहिलंत ना? ३५ हजारांत बसवून दाखवा. शिवाय बारा वर्षं एकच कॉम्प्युटर वापरणारं घर प्रोसेसर बदलत बसणार नाही.

प्रतिसाद ४

मी असेंब्लीचंच काम करतो. प्रोसेसरवर सगळे भांडतात, पण माझ्याकडे दुरुस्तीला येतं ते बहुतेक एसएमपीएसमुळे. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, प्रत्यक्षात तेवढं देत नाही. आपल्याकडे लाइट जाते-येते, आणि तो गेला की कधीकधी बोर्डालाही घेऊन जातो. ताई, कॅबिनेट तुमचं जुनंच वापरा, बोर्ड त्यात बसेल. पण एसएमपीएस नवा, ८० प्लस शिक्का असलेला घ्या. जुन्या यूपीएसची बॅटरी गेली असेल तर तीही बदला. टॅली चालू असताना लाइट गेली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

प्रोसेसर बॉक्स पीस (कंपनीच्या सीलबंद खोक्यातला) मागा, ट्रे (सुटा) नको. बॉक्सबरोबर पंखा येतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी. ट्रेला कंपनी तुम्हाला विचारत नाही, सगळी भिस्त दुकानदारावर. बिलावर प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर लिहून घ्या.

रॅम ८ + ८ अशा दोन पट्ट्या. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच खातं, दोन पट्ट्यांनी गेममध्ये फरक दिसतो.

प्रतिसाद ३

एच६१० ला रॅमचे दोनच स्लॉट. ८ + ८ लावले की पुढे वाढवायला दोन्ही काढाव्या लागतील. मी १६ ची एक घेतली असती.

प्रतिसाद ४

३२ जीबी लागेल असं त्यांचं काम नाही हो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पहिल्या दुकानात जाऊन फक्त "कितव्या पिढीचा?" एवढंच विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, आय-५ म्हणजे आय-५." निघाले.

दुसऱ्या दुकानात कोटेशन बदलून घेतलं : आय-३ १२१०० (एफ नाही, बॉक्स पीस), डीडीआर४ वाला एच६१० बोर्ड, ८ + ८ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, चांगला एसएमपीएस, कॅबिनेट जुनं. ३४,४०० रुपये जीएसटीसकट. बोर्डाच्या मागे व्हीजीए आहे, डोळ्यांनी बघून आले.

५६००जी इथे कोणाकडे नव्हता, पुण्याहून मागवावा लागला असता. मार्चमध्ये काही बिघडलं तर मला कुरिअरची वाट बघत बसता येणार नाही, माणूस दोन गल्ल्यांवर हवा. मुलाला सांगितलंय, गेम सध्या लो सेटिंगवर. बारावीनंतर कार्डाचं बघू. तो अजून बोलत नाहीये.

एकच शंका. जुनी हार्डडिस्क नव्यात जोडून घेतली की टॅलीचा डेटा आपोआप येईल ना? जुना कॉम्प्युटर शनिवारी खोलायला देतेय.

प्रतिसाद ४

थांबा! डेटाचं फोल्डर दिसेल, तरीही टॅलीतून बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर ठेवा. पण त्याआधी जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेट चालू असताना टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. सिंगल युजरचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. आधी मशीन खोललं तर नव्यावर चालू करायला सपोर्टच्या मागे लागावं लागेल. शनिवारऐवजी सोमवारी द्या हवं तर.

धागाकर्ती

बापरे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच बसते.