मदत हवी आहे: ढोल सुरू झाला की एलईडी पट्टी पांढरीफटक होते

कमानीवाला:
मंडळाच्या कमानीला आवाजावर नाचणारी लाइटिंग करतोय. घरी टाळी वाजवली की झकास चालते, पण पथकाच्या प्रॅक्टिसला नेली तर पहिल्याच ठोक्याला सगळी पट्टी पांढरी आणि ढोल थांबेपर्यंत तशीच. कोडमध्ये काय बदलू? लवकर सांगा, उद्या अध्यक्षांना दाखवायचंय.

सोल्डरवीर:
माइक कुठला, बोर्ड कुठला, एलईडी किती? इथे कुणाला दिव्यदृष्टी नाही.

कमानीवाला:
बोर्ड ईएसपी३२, पट्टी ५ मीटर, माइक साधाच. कोडचं सांगा ना.

मुलुंडचा_बाळ्या:
कशाला उपद्व्याप, लॅमिंग्टन रोडला रेडीमेड कंट्रोलर मिळतो रिमोटसकट. आमच्या सोसायटीत मस्त चालतो.

सोल्डरवीर:
सोसायटीत ढोलपथक वाजतं का?
@कमानीवाला माइकच्या बोर्डावर काय छापलंय ते बघा.

कमानीवाला:
मॅक्स९८१४. कोडमध्ये बास (जाड आवाज), मिड (मधला), ट्रेबल (बारीक) यांना लाल, हिरवा, निळा ठेवलेत.

सोल्डरवीर:
मग कोडला हात लावू नका. गेनची (माइकचा आवाज किती वाढवायचा त्याची) पिन मोकळी असेल तर ६० डीबी गेन मिळतो, ढोलासमोर माइक क्लिप होणारच, म्हणजे आवाज मापाबाहेर जाणार. वेव्हची डोकी उडाली की ढोलाचा बास मिड-ट्रेबलमध्येपण सांडतो, तिन्ही रंग फुल म्हणजे पांढरा. गेन व्हीडीडीला (पॉवरच्या प्लस पिनला) जोडा, ४० होईल, आणि माइक ढोलांपासून लांब न्या.

निशाचर:
ॲनालॉग माइक भंगारात टाका, आयएनएमपी४४१ हा डिजिटल माइक घ्या आणि बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे तयार सॉफ्टवेअर टाका, कोडच लिहायला नको.

सोल्डरवीर:
उद्या दाखवायचंय म्हणतायत ते, आज रात्री कुठून आणणार?

तारतम्य:
पॉवरचं कुणीच विचारलं नाही. मीटरला ६० एलईडी धरले तर ३००, फुल पांढऱ्यावर एकेक ६० मिलिअँपिअर म्हणजे १८ अँपिअर! ॲडॅप्टर केवढा आहे?

कमानीवाला:
५ अँपिअरचा. लांबचं टोक जरा तांबूस दिसतं, पण ते चालतंय.

तारतम्य:
चालत नाहीये, व्होल्टेज पडतंय. ब्राइटनेस उतरवा, मोठा सप्लाय आणा, दोन्ही टोकांना पॉवर द्या, आणि ग्राउंड (मायनसची तार) सगळ्यांचं एकच ठेवा.

शांतताप्रिय:
लाइट राहू दे, आधी आवाज कमी करा. आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात.

मुलुंडचा_बाळ्या:
वर्षातून दहा दिवस सहन होत नाही?

निशाचर:
झालं सुरू. वेगळा धागा काढा.

कमानीवाला:
गेन व्हीडीडीला जोडला, माइक कमानीच्या मागे नेला. ढोलाला आता फक्त लाल उडतोय!! पण ताशाला निळा पेटतो तो विझतच नाही.

सोल्डरवीर:
ताशाची तर्री सलग असते, विझायला फट कुठे आहे? निळ्याची पातळी चालू सरासरीच्या (गेल्या काही क्षणांच्या सरासरीच्या) वर गेली तरच पेटव.

मुलुंडचा_बाळ्या:
रिमोटवर हे एका बटणात होतं.