क्रीट १९४१ : जर्मन पॅराट्रूपरची एक प्लाटून १/७२ मध्ये कशी उभी करावी?

भुईकोट_७२
नमस्कार मंडळी. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या मालेमे विमानतळाची लढाई छोट्या सैनिकांच्या युद्धखेळात ६ बाय ४ फुटी टेबलावर मांडायची आहे, २० मे १९४१ ची सकाळ. जर्मनांची एक प्लाटून, समोर न्यूझीलंडवाले. मऊ प्लास्टिकच्या १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या) सैनिकांचे दोन बॉक्स आहेत, पण त्यात एफजी ४२ रायफल, एमजी ४२ मशीनगन, रणगाडाविरोधी पान्झरफाउस्ट सगळी खिचडी आहे. एका स्क्वाडमध्ये (प्लाटूनमधल्या छोट्या गटात) माणसं किती, हत्यारं कोणती, आणि ते शस्त्रांचे कंटेनर खेळात खरंच लागतात, की नुसती शोभा? रंगाचंही सांगा. इथं ऊन असं आहे की स्प्रे धड बसतच नाही.

होटगीरोड_हेक्स
आधी बॉक्स निवडून घ्या. क्रीटला एफजी ४२ नव्हती, ती १९४३ ची. डाव्या बाजूला आडवं मॅगझिन दिसलं की तीच समजा. एमजी ४२ आणि पान्झरफाउस्टही नंतरचे. ही सगळी मंडळी बाजूला ठेवा, १९४४ ची नॉर्मंडी मांडाल तेव्हा कामाला येतील. त्या काळात एका स्क्वाडला दोन-दोन लाइट मशीनगन असायच्या, त्यामुळे दोन्ही वर्षं एकाच टेबलावर मिसळली की गोळीबाराचा हिशोबच बिघडतो.

आता माणसं. एका जू ५२ विमानातून १२-१३ जण उडी मारत. टेबलासाठी १२ चा एक स्क्वाड धरा, असे तीन, आणि वर प्लाटून कमांडरसह सात जण. झाले ४३. हत्यारं : मशीनगन एमजी ३४, स्क्वाड लीडरला एमपी ४० सबमशीनगन, बाकीच्यांना कार ९८के रायफल. अशा प्लाटूनच्या तीन रायफल कंपन्या आणि चौथी हेवी मशीनगन-मॉर्टरची, मिळून बटालियन. तुम्हाला चौथीतून फार तर एक ८१ मिमी मॉर्टर उसना घेता येईल.

कंटेनर शोभेचे नाहीत हो, सगळा खेळ त्यांच्यावरच आहे. जर्मन पॅराशूटची दोरी पाठीवर एकाच जागी जोडलेली असायची. माणूस विमानातून डोकं पुढं करून सूर मारायचा, हवेत लोंबकळताना दोऱ्या हाताला येत नसत, म्हणून दिशा बदलता येत नसे. उतरायचा तो हातागुडघ्यांवर, त्यासाठीच गुडघ्यांना जाड पॅड. अशा उडीत लांब रायफल अंगावर कशी घेणार? बहुतेकांकडे पिस्तूल, हातबॉम्ब आणि चाकू, बस्स. रायफली आणि मशीनगन वेगळ्या पॅराशूटनं कंटेनरमधून खाली यायच्या. ४३ जणांच्या प्लाटूनला १४ कंटेनर.

चाटीगल्ली
वरच्यांचं बरोबर आहे, एक भर घालतो. सगळेच पिस्तुलावर नव्हते. क्रीटला साधारण चौघांत एकाकडे एमपी ४० होती आणि काही जण ती घेऊनच उडी मारत. म्हणून १२ च्या स्क्वाडमध्ये तिघांना उतरल्या क्षणापासून एमपी ४० द्या. नाहीतर दुसऱ्या टर्नला जर्मन संपतात आणि समोरचा चहा मागवतो.

नियम असा लावून बघा. प्रत्येक स्क्वाडमागे ४ कंटेनर, प्लाटून कमांडरला २. स्क्वाडचे चार : दोन रायफलींचे, एक एमजी ३४ चा, एक दारूगोळा-हातबॉम्बचा. स्क्वाड जिथं उतरला तिथून प्रत्येक कंटेनरसाठी दिशेचा फासा टाका आणि दोन साध्या फाशांच्या बेरजेइतके इंच सरकवा. शेजारी माणूस पोचला की उघडायला एक अख्खी टर्न. एमजीचा कंटेनर शत्रूच्या हद्दीत पडला तर पडू द्या, तिथंच मजा आहे. घोळ होतो तो टेबलाच्या कडेला. कंटेनर बाहेर गेला की लोक तो 'हरवला' म्हणतात आणि स्क्वाड शेवटपर्यंत पिस्तुलावर राहतो. कडेवरच थांबवा.

ग्लायडरवाल्यांना मात्र हा नियम लावू नका. डीएफएस २३० मध्ये पायलट धरून दहा जण, हत्यारं हातातच. एक ग्लायडर उतरवला तर तो पहिल्याच टर्नला लढतो. मालेमेला हा फरक ठळक दिसला : जर्मन असॉल्ट रेजिमेंटची तिसरी बटालियन विमानतळाच्या पूर्वेला थेट न्यूझीलंडच्या ठाण्यांवर पॅराशूटनं उतरली आणि सुमारे ६०० पैकी ४०० मारले गेले. विमानतळ जर्मनांच्या हाती लागला तो विमानतळाजवळच्या टेकडी १०७ वरची २२ वी न्यूझीलंड बटालियन रात्री मागं हटल्यावर. म्हणून जिंकण्याची अट टेकडीला बांधा, धावपट्टीला नको.

आणखी एक, ७.५ सेंमीची रिकॉइललेस (मागं झटका न देणारी) तोफ एलजी ४० घेणार असाल तर तिच्या मागं ज्वाळेचा झोत येतो. मागच्या ४ इंचांत आपला माणूस उभा असेल तर तो गेला, असा नियम ठेवा.

ब्रश_दोन_शून्य
कंटेनर विकत घेऊ नका. खरा दीड मीटर लांब असायचा, १/७२ ला २१ मिमी. शाळेच्या पेन्सिलीचा २१ मिमीचा तुकडा कापा, शिसं दिसतं ती टोकं पुट्टीनं बुजवा, एका टोकाला टाचणीची दोन चाकं. पेन्सिल किंचित जाड पडते, पण तीन फुटांवरून कळत नाही. चौदांचं काम दोन पेन्सिलींत होतं.

एफजी ४२ वाले फेकू नका. आडवं मॅगझिन आणि पुढचे दोन पाय नव्या ब्लेडनं तासले की रायफल म्हणून खपते. कार ९८के १/७२ ला १५ मिमी भरते, ही नळी २ मिमी आखूड दिसेल, चालवून घ्या.

स्प्रे : आपल्याकडं मे महिन्यात दुपारी रंग हवेतच वाळतो आणि सैनिकावर रवा सांडल्यासारखा बसतो. सकाळी साडेसहाला, २० सेंमीवरून, दोन हलके हात. त्याआधी भांड्यांच्या साबणानं धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग सालासारखा निघतो. मऊ प्लास्टिकची बंदूक वाकली की रंग तडकतो, म्हणून प्रायमरआधी फेविकॉल आणि पाणी समसमान करून एक हात द्या.

रंग : स्मॉक (उडीचा सैल अंगरखा) काहींचा साधा हिरवट राखाडी, काहींचा स्प्लिंटर, म्हणजे फिक्या मातकट रंगावर तपकिरी आणि हिरवे कोनदार तुकडे. त्यावरच्या पावसासारख्या रेघा या स्केलला काढूच नका, घाण दिसतात. हेल्मेट बिनकडेचं. हे सैनिक लष्कराचे नव्हेत, लुफ्तवाफेचे (जर्मन हवाई दलाचे), म्हणून स्मॉकच्या गळ्यात कॉलरच्या पट्टीचा पिवळा ठिपका द्या. गळ्यातून छातीवर लोंबणारा कापडी पट्टा १०० गोळ्यांचा, तो रायफलवाल्यांनाच.

भुईकोट_७२
झकास. मग कंटेनर उघडेपर्यंत रायफलवाल्याला पिस्तूल म्हणून किती इंच रेंज देऊ? आणि जवाच्या शेतासाठी काय वापरता?

चाटीगल्ली
६ इंच, त्यापुढं नाही. शेताला टॉवेल. सोलापुरात राहून विचारता की हो! टेरी टॉवेलचा पिवळसर कटपीस घ्या, फासे उभे राहतील असा जाड लूपवाला. कडा फेविकॉलनं चिकटवा, नाहीतर धागे सुटतात. कोरड्या ब्रशनं गेरूचा हात मारा. सैनिक लूपमध्ये डुगडुगतात, म्हणून त्यांच्या बेसखाली वॉशर लावा.